घरचे महिनाभर येतो म्हणतात, आणि आम्ही मिशनवर

पत्र थोडं कापून देते:

"ताई, आम्ही दोघं मूळचे खानापूर तालुक्यातले, नोकरीचं सगळं आयुष्य बेळगावात गेलं. मी नर्स म्हणून रिटायर झाले, मिस्टर बँकेतून. हातपाय चालतायत तोवर कायतरी करावं म्हणून चर्चतर्फे दोन वर्षांसाठी केनियात आलोय, मेरू भागात एका मिशन हॉस्पिटलात. मी नर्सिंगच्या पोरींना शिकवते, मिस्टर हिशोब बघतात. आता मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि माझ्या मोठ्या वन्सं (वय 66) असे चौघं एप्रिल-मेच्या सुट्टीत महिनाभर येतो म्हणतात. क्वार्टर दोन खोल्यांचं. मुलाला सफारी करायची आहे, मिशनची गाडी मिळेल का विचारतोय. सून डेंटिस्ट, ती म्हणते दोन दिवस फ्री कॅम्प घेते. वन्सं म्हणतात तू रजा टाक, आम्ही काय रोज येतो? हो म्हटलं तर कामाचं वाटोळं, नको म्हटलं तर 'मिशनला गेल्यापासून घरची माणसं जड झाली' हे ऐकायचं. काय करू?"

ताई, बोलवा त्यांना. नको म्हणू नका. खरं महिनाभर नको, एप्रिलमध्ये तर नकोच, आणि चौघांना त्या दोन खोल्यांत कोंबून अजिबात नको.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली ती आधी बोलते, राग मानू नका. मुलगा काय म्हणतो, सून काय म्हणते, वन्सं काय म्हणतात हे सगळं आलंय, खरं हॉस्पिटलचे लोक काय म्हणतात ते कुठंच नाही. तुम्ही धरून चाललाय की घर तुमचं, पाहुणे तुमचे, मग यजमान तुम्हीच. तसं नाही ना ते. ते क्वार्टर त्यांचं, गाव त्यांचं, तुम्ही दोघं तिथं दोन वर्षांचे पाहुणे. आता पाहुण्यांकडं पाहुणे यायचे असले तर पहिल्यांदा कुणाला विचारायचं? खानापूरला लेकीच्या सासरी तुम्ही चार दिवस राहायला गेलाय आणि तिथं तुमचे भाऊ-भावजय परस्पर येऊन उतरले, विहीणबाईंना पत्ताच नाही, असं चालेल का? ते इथं चालत नाही तर तिथं कसं चालेल.

म्हणून पोरांना तारीख सांगायच्या आधी हॉस्पिटलच्या इन्चार्जना भेटा, आणि ज्या चर्च ऑफिसनं तुम्हाला पाठवलंय त्यांना मेल टाका. कोण येणार, किती दिवस, कुठं राहणार, खर्च कुणाचा, आणि त्या दिवसांत तुमची कुठली ड्युटी चालू राहणार कुठली नाही, हे सगळं लिहून द्या. तोंडी हो मिळालं तरी लिहूनच घ्या, कारण उद्या इन्चार्ज बदलले की नवीन माणसाला तोंडी काय ठरलं होतं ते माहिती नसतं, आणि मग 'ती इंडियन जोडी सगळं खानदान घेऊन राहिली' एवढंच मागं उरतं. बऱ्याच मिशनवर पाहुण्यांचे नियम आधीच ठरलेले असतात, तुमच्या करारात एखादी ओळ असणारच, काढून वाचा ती. आणि नियमात बसत नसलं तर मग मुलाला सांगायला तुम्हाला कारण शोधायला लागत नाही.

आता महिनाभराचं. अहो, दहा-बारा दिवस पुष्कळ झाले. मी असं सुचवीन की मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत बोलवा. तिथला मोठा पाऊस मार्च ते मे असतो, एप्रिलमध्ये ऐन भर, आडरस्त्यांवर तांबड्या मातीचा नुसता चिखल. मेच्या अखेरीला तो ओसरत येतो, आणि आपल्याकडच्या शाळा सुरू व्हायच्या आत नातू घरी पोचतो. वन्संना स्वेटर आणायला सांगा, आफ्रिका म्हटलं की आपल्या माणसांना नुसतं ऊन दिसतं, खरं मेरूचा तो भाग माउंट केनियाच्या अंगाला, उंचावर, संध्याकाळी चांगलं गार पडतं.

त्या बारा दिवसांचे दोन सरळ भाग करा. सहा-सात दिवस हॉस्पिटलच्या गावात, तेव्हा तुम्ही दोघं नेहमीसारखे ड्युटीला जाणार, अर्धी रजा नाही, लवकर सुटणं नाही. आणि उरलेले चार-पाच दिवस पूर्ण रजा घेऊन बाहेर, तेव्हा हॉस्पिटलचा फोन पण मिस्टरांनी उचलायचा नाही. हे मिसळलं की सगळं बिघडतं बघा. तुम्ही वॉर्डात असताना जीव घरात, घरात असताना जीव वॉर्डात, आणि दोन्हीकडची माणसं नाराज. वन्संना वाटतं रजा टाकली म्हणजे माया. मला वाटतं त्यांनी तुम्हाला काम करताना बघणं जास्त गरजेचं आहे, कारण बेळगावात बसून त्यांना 'मिशन' म्हणजे नक्की काय ते दिसत नाही, त्यांना दिसतंय भाऊ आणि भावजय फॉरेनला गेलीत. एकदा सकाळी सात वाजता तुम्ही छत्री घेऊन राउंडला निघालेल्या त्यांनी बघितलं की रजेचा विषय आपोआप मागं पडेल.

आणि वन्संशी हे तुम्ही बोलायचं नाही. मिस्टरांनी बोलायचं. बहीण त्यांची आहे. तुम्ही बोललात की ते भावजयीचं बोलणं होतं, त्याला शंभर फाटे फुटतात, आणि भाऊ बोलला की 'बरं बाबा' एवढ्यात संपतं. हॉस्पिटलचं हो आलं की मिस्टरांनी लगेच फोन लावावा, आणि फोनवर असं बोलावं की "अक्का, ये, खरं आम्ही सकाळी कामाला जाणार आणि चारला येणार, तुला चालेल ना?" लांबण लावू नये, चर्चचं-देवाचं कारण पुढं करू नये. सेवेच्या नावाखाली घरच्यांना गप्प करणं मला कधीच पटलेलं नाही, समोरच्याला मग बोलायला तोंडच राहत नाही आणि ते मनात धरून बसतात.

राहायचं गेस्ट हाउसात. मिशन हॉस्पिटलांना बहुतेक एखादं असतंच, नसलं तर गावात लॉज असतो. दर जो इतर पाहुण्यांना तोच तुमच्या मुलानं द्यायचा आणि पावती घ्यायची. मिस्टर हिशोब बघतात म्हणून तर दुप्पट सांभाळून, हिशोब बघणाऱ्याच्या घरचे फुकट राहिले ही बातमी पसरायला तिथं पण वेळ लागत नाही. मिशनच्या गाडीचं उत्तर सरळ नाही. "डिझेल आम्ही घालतो" म्हटलं तरी नाही. ती गाडी कुणीतरी दान दिलेल्या पैशावर चालते, लॉगबुकात प्रत्येक फेरी चढते, आणि तुम्ही सिंह बघायला गेलाय त्याच दिवशी एखाद्या बाळंतिणीला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं निघालं तर? ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी मिळते, मुलगा कमावता आहे, करू दे की खर्च.

यावरनं एक आठवलं. आपल्या बेळगावात 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, पुढं 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडं गेलं, म्हणजे शंभर वर्षांच्या वर आपल्या गावानं मिशनरी बघितले. त्यांचं प्रवचन किती जणांच्या लक्षात राहिलं असेल कोण जाणे, खरं बंगल्यावर कोण उतरलं, गाडी कुणासाठी जुंपली, मेमसाहेब स्वयंपाकिणीशी कशी बोलली, हे आपल्या पणजोबा-पणज्यांनी नक्की बघून ठेवलं असणार. आज त्या जागी तुम्ही आहात, बघणारे ते आहेत. तुमचा मुलगा वॉचमनला हाक कशी मारतो ते सुद्धा बघणार.

सफारीबद्दल मुलाच्या डोक्यात मसाई मारा असणार, व्हिडिओत नदी ओलांडणारी ती हजारो जनावरं. त्याला सांगा ती जनावरं माराला साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, मेमध्ये जाऊन ते दृश्य दिसायचं नाही, आणि मेरूहून मारा म्हणजे देशाच्या दुसऱ्या अंगाला, जायला-यायलाच दोन दिवस मोडतात. त्यापेक्षा जवळ मेरू नॅशनल पार्क आहे, गर्दी कमी, हत्ती, जिराफ, गेंडे सगळं आहे, जॉय आणि जॉर्ज अ‍ॅडमसन यांनी वाढवून परत जंगलात सोडलेल्या एल्सा सिंहिणीची समाधी पण तिथंच आहे, नातवाला ती गोष्ट आधी सांगून ठेवा, त्याला जास्त मजा येईल. बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांना पार्कचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो, पैसे ऑनलाइन भरायचे, हे मुलाला आधी सांगा म्हणजे गेटवर तोंड वाकडं होणार नाही.

सुनेचा फ्री कॅम्प. मन चांगलं आहे पोरीचं, तिला नाराज करू नका, खरं हे होणार नाही. केनियात बाहेरच्या डॉक्टरला, डेंटिस्टला पण, तिथल्या मेडिकल आणि डेंटिस्ट कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स लागतं, पाहुणी म्हणून येऊन पेशंटच्या तोंडात हात घालता येत नाही. कुणी तक्रार केली तर हॉस्पिटल अडचणीत येईल, तुमच्या परवान्याला पण धक्का लागायचा. तिला मनापासून करायचं असेल तर पुढच्या वेळेला सहा महिने आधी हॉस्पिटलमार्फत अर्ज करू दे आणि नीट कामासाठी येऊ दे. या वेळेला तिला सुट्टी द्या! हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा ट्रिपमध्ये मला दिसतं ते असं की मुलगा फोटो काढत फिरतो, सासू ड्युटीवर, आणि सून दोन शेगड्यांवर सहा माणसांचा स्वयंपाक करत बसते. गावातली एखादी बाई तेवढ्या दिवसांसाठी पगार देऊन लावा, दुपारचं जेवण हॉस्पिटलच्या कँटीनला सांगा. उगाली आणि सुकुमा म्हणजे मक्याचा घट्ट गोळा आणि परतलेली पालेभाजी, आपल्या माणसांना आवडते, गिथेरीत मका आणि घेवडा, आणि चहा तर आपल्यासारखाच, दूध घालून उकळलेला, साखर भरपूर.

वन्सं दिवसभर काय करणार ही तुमची भीती कळते. त्यांना चर्चच्या बायकांच्या हवाली करा. खरंच सांगते. तिथल्या बायका पाहुणीला एकटं बसू देणार नाहीत, कुणी घरी नेईल, कुणी शेतावर नेईल, भाषेवाचून कायबी अडत नाही, दोन बायका एका चुलीपाशी बसल्या की होतं सगळं. तुम्ही म्हणाल मी त्यांना वेळ कसा देऊ, मी म्हणते तुम्ही नाही द्यायचा, गावानं द्यायचाय, आणि गावाला तो द्यायला आवडतो. मोठ्यांनी बसून राहायचं, लहानांनी चहा आणायचा, हे तिथं अजून आहे, वन्संना घरच्यासारखं वाटेल. रविवारी उपासना दोन-तीन तास चालते, आणि पाहुण्यांना उभं करून चार शब्द बोलायला सांगतात, तेवढी तयारी ठेवायला सांगा, नाहीतर वन्सं घाबरतील. "ब्वाना असिफिवे" (प्रभूची स्तुती असो) म्हणायचं, बेळगावच्या मंडळीचा सलाम सांगायचा, मराठीत एक गायन म्हणायचं, बसायचं. झालं.

कुणी जेवायला बोलावलं तर जायचं, आणि ताटातलं ठेवायचं नाही. कोंबडी कापली असेल तर ती तुमच्यासाठी कापलीय, रोजची नाही, हे नातवाला पण समजावा. उलट भेट म्हणून साखर, चहापत्ती, साबण असं घरात लागणारं काहीतरी तिथल्याच दुकानातून घेऊन जा. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटणं, नोटा काढून देणं हे करू नका, तुमचे पाहुणे बारा दिवसांनी जातील आणि पुढं वर्षभर ती पोरं तुमच्या मागं हात पसरून येतील, ते तुम्हाला निस्तरायला लागेल.

फोटोचं एक मुलाला स्पष्ट सांगा. पेशंटचे, वॉर्डातल्या बाळांचे फोटो नाही काढायचे, आणि स्टेटसला तर अजिबात नाही. केनियात 2019 पासून डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, हॉस्पिटलवर जबाबदारी येते, आणि कायदा नसता तरी बेळगावच्या सिव्हिलमध्ये कुणी येऊन तुमच्या आजारी आईचा फोटो काढला असता तर तुम्ही काय केलं असतं?

आता कागदपत्रं, हे पटापट सांगते. केनियाला जायला जानेवारी 2024 पासून जुना व्हिसा नाही, निघायच्या आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, घ्यायचा, नातवाचा पण वेगळा. सरकारी साइटवरच भरा, सर्च केल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट एजंटच्या असतात आणि जास्तीचे पैसे उकळतात. राहायच्या जागेचा पुरावा लागतो, गेस्ट हाउसचं पत्र आणि तुमच्या परमिटची कॉपी पाठवून ठेवा.

यलो फिवरचं मात्र नीट वाचा, इथंच माणसं फसतात. भारतातून केनियात शिरताना यलो फिवरची लस घेतल्याचं कार्ड सहसा कुणी मागत नाही, म्हणून लोक लस न घेताच जातात. मागतात परत येताना, आपल्याच एअरपोर्टवर, कारण यलो फिवरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत केनिया आहे. कार्ड नसलं तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. लस घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी पळून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या सेंटरलाच मिळते, आपल्याला जवळ म्हणजे गोव्यात मुरगाव बंदराचं हेल्थ ऑफिस, नाहीतर मुंबई किंवा बेंगळुरू, आणि अपॉइंटमेंट घेऊन जायचं. वन्सं साठीच्या पुढच्या, त्या वयात या लशीचा त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त, म्हणून त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडं नेऊन विचारायला सांगा, अंड्याची अ‍ॅलर्जी कुणाला असेल तर ते पण सांगायचं. डॉक्टरांनी नको म्हटलं तर मग वन्संच्या येण्याचाच नीट विचार करायला लागेल. हे विचारणं मिस्टरांनी 'ये' म्हणायच्या आधी झालेलं बरं. मलेरियाच्या गोळ्यांचं पण त्याच वेळी विचारा, तुमचा भाग उंचावर म्हणून डास कमी असतील, खरं पार्क खाली सखल आणि गरम, तिथं धोका असतो.

सामानात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा घालू नका म्हणावं. केनियात ऑगस्ट 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि एअरपोर्टवर काढून घेतात. आपल्या माणसांची सवय माहिती आहे ना, चिवडा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वरनं तिसरी. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या. कुंदा आणू नका, प्रवासात टिकायचा नाही, गोकाकचं करदंट आणा, तिथल्या नर्सेसना वाटायला पण बरं. मेथी-कोथिंबिरीचं बी 'परसात लावू' म्हणून आणायचा मोह होईल, बियाण्याला परवानगी लागते, राहू दे.

मुंबईहून नैरोबी थेट विमान साधारण 6 तासांचं. संध्याकाळी उतरले तर त्याच रात्री मेरूकडं निघायचं नाही, चार-पाच तासांचा रस्ता आहे आणि अंधारात नको. नैरोबीत चर्चची गेस्ट हाउसं आहेत, तिथं रात्र काढा, सकाळी निघा. आणायला तुम्ही दोघांनी जायची गरज नाही, मिस्टर एकटे बास. तुमची त्या दिवशी ड्युटी असेल तर ड्युटी करा.

आणि समजा इन्चार्ज म्हणाले की आत्ता नको, स्टाफ कमी आहे, तर? तर मनाला लावून घेऊ नका आणि मुलाला खोटं कारण पण सांगू नका. तुम्हाला वर्षाची रजा असेलच, ती घेऊन चार दिवस मोंबासाला समुद्रावर त्यांनाच भेटा, हॉस्पिटलचं गाव पुढच्या वेळेला. नातवाला आजी समुद्रावर भेटली काय आणि क्वार्टरात भेटली काय, त्याला तेच.

करारातली ती पाहुण्यांची ओळ सापडली की मला कळवा, त्यात काही अडचणीचं असलं तर बघू. आणि ते यलो फिवरचं कार्ड हँडबॅगेत ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत गेलं तर काउंटरवर दाखवणार काय.